धाकट्याची चाल

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मुलांना निराळी शिकवावी लागत नाही. बोरिवलीच्या गच्चीवरून पूर्वेकडे पाहावे किंवा मुलुंडच्या खिडकीतून पश्चिमेकडे पाहावे. दोन्हीकडून दिसते ती एकच डोंगररांग. पश्चिम रेल्वेचे प्रवासी तिच्या एका अंगाने जातात, मध्य रेल्वेचे दुसऱ्या अंगाने. दोन्ही बाजूंस माणसांची दाटी आणि मधोमध सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे अरण्य, असे भाग्य जगातील फार थोड्या महानगरांच्या वाट्यास आले आहे. हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वी ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले जाई. उपनगरांतील लोक आजही नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतात आणि तेवढ्याने सर्वांना समजते.

परंतु दुरून साजरा दिसणारा डोंगर जवळ गेल्यावर परीक्षा घेतो. बरोबर लहान मूल असले म्हणजे तर ती परीक्षा मुलाची नसून थोरांची असते.

बोरिवलीतील एक कुटुंब वैशाखातल्या एका रविवारी कान्हेरीच्या डोंगरावर निघाले, असे समजावे. आई, आजोबा, सातवीत शिकणारी ताई आणि पाच वर्षांचा धाकटा, अशी चार माणसे. शाळेला सुटी लागलेली होती. कान्हेरीच्या माथ्यावर उभे राहून सारे अरण्य पाहून येऊ, असे ताईने मैत्रिणींना अगोदरच सांगून ठेवले होते.

आदल्या रात्री आजोबांनी चटईवर सामान मांडले. पाण्याच्या सहा बाटल्या, गूळ आणि शेंगदाणे, दशम्या, काकड्या, मीठसाखरेची पुडी, चार टोप्या आणि दोन सुती पंचे. धाकट्याला नवे बूट घालून मिरवायचे होते. परंतु डोंगरावर नवा बूट पायाला चावतो, म्हणून आईने त्याचे रोजच्या वापरातले बूटच दाराशी काढून ठेवले. अंगात घालायला सैल, सुती आणि पूर्ण बाह्यांचे कपडे निवडले. मग आजोबांनी सहांपैकी दोन बाटल्यांच्या गळ्याला तांबडा दोरा बांधला.

“हा दोरा कशाला, आजोबा?” धाकट्याने विचारले.

“हे परतीचे पाणी,” आजोबा म्हणाले. “चढताना ते प्यायचे नाही. ही बाटली उघडावी लागली, की घराकडे तोंड फिरवायचे. मग माथा चार पावलांवर असला तरीही.”

“आणि चालायचे कसे, तेही ठरवून टाकू,” आई म्हणाली. “पुढे मी, माझ्यामागे धाकटा, त्याच्यामागे ताई आणि सर्वांत शेवटी आजोबा. चाल मात्र धाकट्याची.”

ताईला हा नियम फारसा रुचला नाही. धाकट्याची चाल म्हणजे दहा पावले चालायचे आणि अकराव्या पावलाला खाली बसायचे! पण ती काही बोलली नाही.

या नियमांमागे कारण होते. लहान मूल म्हणजे थोर माणसाची लहान आकृती नव्हे. वजनाच्या मानाने मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. मोठ्या माणसाला घाम अधिक येतो आणि तो वाळताना अंग निवते. मुलाला घाम कमी येतो. त्यातून मुंबईची हवा दमट. अशा हवेत आलेला घामही लवकर वाळत नाही. शिवाय मुलाची उंची कमी असल्याने तापलेल्या जमिनीची धग त्याला अधिक जवळून लागते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की खेळात किंवा पाहण्यात रमलेले मूल आपणहून पाणी मागत नाही. म्हणून त्याला तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट घोट पाणी देत राहावे लागते.

सकाळी उद्यानाचे दार उघडताच चौघे आत शिरले. दारापासून कान्हेरीचा पायथा सुमारे सहा किलोमीटर आहे. ताईला सारी वाट पायी तुडवावी असे वाटत होते. पण लहान पायांचे बळ सडकेवर खर्चू नये, ते डोंगरासाठी राखावे, असे आजोबांचे मत होते. म्हणून उद्यानातील बसने ते पायथ्याशी उतरले आणि तेथून चालू लागले.

वैशाखातले अरण्य पावसाळ्यातल्या अरण्यासारखे हिरवेगार नसते. सागाची पाने गळून वाटेवर पडलेली असतात आणि पायाखाली पापडासारखी चुरचुरतात. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली दिसते. मधूनच एखादा बहावा पिवळ्या झुंबरांनी लहडलेला असतो. कुठून तरी तांबट पक्ष्याचा ‘टुक् टुक्’ असा एकसारखा आवाज येत राहतो. जणू एखादा तांबट भांड्यावर हातोडी मारीत बसला आहे. त्यावरूनच त्या पक्ष्याला हे नाव पडले.

धाकटा अकराव्या पावलाला थांबला. आंब्याच्या एका फांदीवर हिरवी पाने एकमेकांना चिकटून त्यांचा चेंडूसारखा गोळा झाला होता आणि त्यावरून लाल मुंग्यांची ये-जा चालली होती.

“पाने कोणी चिकटवली?” त्याने विचारले.

आजोबांनी त्याला दोन हात दूर उभे केले आणि सांगितले, “मुंग्यांनीच. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून जवळ धरतात. दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो. त्या धाग्याने पाने शिवली जातात.”

ताई तिसऱ्या वर्षी या वाटेने येत होती. तिने हे घरटे आजवर पाहिले नव्हते. ती दरवेळी भरभर पुढे गेली होती आणि वाट मात्र तिच्या मागे राहून गेली होती.

थोड्या अंतरावर करवंदीची जाळी लागली. काळीभोर करवंदे पाहून धाकट्याचा हात पुढे झाला. आईने तो अलगद धरला. राष्ट्रीय उद्यानातील फूल, फळ, पान किंवा दगडही उचलून न्यायचा नसतो. तो ठेवा रानातल्या पशुपक्ष्यांचा आहे. उन्हाळ्यात बोरिवलीच्या बाजारात आदिवासी स्त्रिया करवंदे घेऊन बसतात. परतताना त्यांच्याकडून ती घेऊ, असे आईने कबूल केले, तेव्हा धाकट्याने हात मागे घेतला.

पुढे माकडे दिसली. खाऊची पिशवी बंद होती आणि ती आजोबांच्या पाठीवर होती, म्हणून त्रास झाला नाही. माकडांना खायला घातले, की त्यांची रानातले अन्न शोधण्याची सवय मोडते आणि ती माणसांच्या हातातून हिसकावू लागतात. मग दोष माकडांना लावला जातो; खोडी मात्र माणसाने केलेली असते.

“इथे बिबट्या पण आहे ना?” धाकट्याने आईचा हात घट्ट धरून विचारले.

“आहे. हे त्याचे घर आहे,” आई म्हणाली. “म्हणूनच तू आम्हा सर्वांच्या मध्ये चालतोस.”

बिबट्या हा प्रायः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडणारा प्राणी. दिवसा तो माणसाला टाळतो. परंतु एकटे मागे राहिलेले किंवा खाली वाकून बसलेले लहान मूल त्याला आपल्या भक्ष्याएवढे दिसू शकते. म्हणून अशा अरण्यात मुलाला हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नये, पायवाट सोडू नये आणि दिवस कलण्यापूर्वी बाहेर पडावे. हे नियम भीतीपोटी केलेले नाहीत. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण त्या घराच्या रीतीने वागतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

वाट वळली आणि समोर कान्हेरीचा कातळ उभा राहिला. ज्वालामुखीतून घडलेला हा काळा डोंगर. याचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा पर्वत. त्याचेच पुढे कान्हेरी झाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी येथे लेणी कोरण्यास प्रारंभ झाला आणि हे काम जवळजवळ एक हजार वर्षे चालू राहिले. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांना दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे व्यापारी व गृहस्थ होते. त्यांची नावे आजही ब्राह्मी लिपीत भिंतींवर वाचता येतात.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मोठे चैत्यगृह आहे. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत; प्रत्येक मूर्ती सुमारे सात मीटर उंच. धाकटा त्यांच्या पायाशी उभा राहून मान मागे टाकून पाहू लागला. त्याच्यासारखी सहा मुले एकावर एक उभी राहिली तर या मूर्तीच्या मस्तकापर्यंत पोहोचतील, असा हिशेब ताईने केला. आतल्या दालनात चौतीस खांब आहेत. त्यांतील काही खांबांवर सुंदर कोरीव काम आहे. काही खांब मात्र साधेच, अष्टकोनी राहिले आहेत.

“यांवर का नाही कोरले?” धाकट्याने विचारले.

“काम अपुरे राहिले,” आजोबा म्हणाले. “पण छप्पर पडले नाही आणि येणारी माणसेही यायची थांबली नाहीत.”

चैत्यगृहातून बाहेर पडल्यावर आजोबांनी मुलांना कातळावरील एक अरुंद पन्हळ दाखवली. डोंगराच्या उतारावर पडणारे पावसाचे पाणी अशा पन्हळींतून वाहत येते आणि विहाराशेजारी खडकात खोदलेल्या टाक्यांत साठते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे दगडात कोरून ठेवली आहे. येथील शिलालेखांत लेण्याला ‘लेण’ आणि पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ असे शब्द आले आहेत. कोणी भिक्षूंना राहण्यासाठी लेणे दिले, तर कोणी त्याबरोबर पोढीही दिली. निवारा आणि पाणी यांना त्या काळच्या माणसांनी एकाच तोलाचे दान मानले. याच डोंगररांगेतील विहार तलावाचे पाणी १८६० साली नळांतून मुंबईस मिळू लागले आणि १८७९ साली तुळशी तलावाची त्यात भर पडली. ज्या डोंगराने भिक्षूंची तहान भागवली, त्यानेच पुढे शहराची तहान भागवण्यास आरंभ केला.

आता वरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या समोर होत्या. त्यांच्यापुढे माथा होता. ताईचे सारे लक्ष तिकडे लागले होते. चौघे चढू लागले. ऊन चांगलेच तापले होते आणि कातळाची धग बुटांच्या तळव्यांतून जाणवू लागली होती.

ताईला एकाएकी काहीतरी चुकल्यासारखे वाटले. कशाची तरी उणीव होती. क्षणभराने तिच्या ध्यानात आले, की बऱ्याच वेळात धाकट्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. वाटेत एक मोठा सरडा ऊन खात बसला होता; त्याच्याकडेही त्याने पाहिले नाही. त्याची मान खाली होती, कान लाल झाले होते आणि तो पायरीच्या कडेला अडखळत होता.

पुढे चालणाऱ्या आईला त्याचा चेहरा दिसत नव्हता. आजोबा मागे होते. ही गोष्ट एकट्या ताईलाच दिसली होती.

माथा आता फारसा दूर नव्हता. आपण बोललो तर बाटली उघडेल. बाटली उघडली तर परतावे लागेल. आणि मैत्रिणींना काय सांगायचे? धाकटा तर काही तक्रार करीत नाही. आणखी थोडेसे चालेल. हे सारे विचार ताईच्या मनात एका पायरीपुरते आले. दुसऱ्या पायरीवर धाकट्याने आधारासाठी हात मागे केला. ताईने तो हातात घेतला. तो तापलेला होता.

“आई, थांब!” ताई मोठ्याने म्हणाली. “याला बरे वाटत नाही.”

जवळच एका लहान विहाराची ओसरी होती. भिक्षूंना बसण्यासाठी तेथे दगडी बाक कोरलेला आहे. बाहेर कातळ भाजत असता आत मात्र गारवा होता. आईने धाकट्याला बाकावर बसवले, त्याचे बूट काढले आणि गुंड्या सैल केल्या. वाटेसाठी घेतलेले पाणी तोवर संपत आले होते. आजोबांनी काही न बोलता तांबड्या दोऱ्याची बाटली काढली. पंचा भिजवून मानेवर, काखांत आणि हातांवर ठेवला. थोड्या पाण्यात मीठसाखर विरघळवून ती त्याला घोट घोट पाजली. ताई टोपीने वारा घालू लागली.

उन्हाने थकलेल्या मुलाला प्रथम असेच सावलीत न्यावे, अंग ओले करून निववावे आणि शुद्धीवर असेल तर हळूहळू पाणी द्यावे. एकदम पुष्कळ पाणी पाजू नये. उलटी होऊ लागली, मूल असंबद्ध बोलू लागले किंवा त्याला गुंगी येऊ लागली, तर मात्र तोंडाने काही न देता, अंग ओले ठेवीत, क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे घरगुती उपायांवर विसंबणे धोक्याचे असते.

सुदैवाने ती वेळ आली नाही. अर्ध्या घटकेने धाकट्याने डोळे उघडून छताकडे पाहिले आणि विचारले, “आजोबा, भिक्षूंच्या बाकावर गादी होती का?”

प्रश्न ऐकताच आईने सुटकेचा निःश्वास टाकला. आजोबा हसले. ताईच्या डोळ्यांत मात्र पाणी आले आणि ते पुसण्यासाठी तिने तोंड फिरवले.

“आता खाली,” आजोबा उठत म्हणाले. मग ताईकडे पाहून त्यांनी विचारले, “माथा राहिला म्हणून वाईट वाटते का?”

“थोडेसे,” ताई म्हणाली. तिने खोटे सांगितले नाही.

“वाटू दे. माथा कुठे जात नाही. आज तू आम्हा दोघांपेक्षा अधिक पाहिलेस.”

उतरताना ताई सर्वांत हळू चालत होती. वाटेच्या कडेला गुडघ्याएवढ्या, काठीसारख्या वाळक्या झुडपांची दाटी होती. तिने विचारले तेव्हा आजोबांनी सांगितले, की ही कारवी. हिला सात वर्षे फुले येत नाहीत. आठव्या वर्षी मात्र सारा डोंगर जांभळा होऊन जातो. या उद्यानात २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली असा बहर आला. पुढचा मोठा बहर २०३२ च्या सुमारास यावा.

ताईने बोटांवर वर्षे मोजली. तेव्हा धाकटा तिच्या आजच्या वयाचा झालेला असेल. तो भरभर चालेल आणि आजोबांना कदाचित हळू चालावे लागेल.

“तेव्हा चाल आजोबांची,” ती म्हणाली.

दाराबाहेर पडल्यावर आईने शब्द पाळला. बाजारात करवंदांचा एक द्रोण घेतला. धाकट्याने पहिले करवंद ताईच्या हातावर ठेवले. मागे वळून पाहिले तेव्हा दुपारच्या उन्हात डोंगर नेहमीसारखाच साजरा दिसत होता. पण आता तो चौघांनाही दूरचा वाटत नव्हता.

शब्दार्थ

प्रायः – बहुतकरून. विहार – भिक्षूंचे निवासस्थान. चैत्यगृह – बौद्धांचे प्रार्थनामंदिर. पन्हळ – पाणी वाहून नेणारी अरुंद वाट. टाके – खडकात खोदलेला पाण्याचा साठा. घटका – चोवीस मिनिटांचा काळ.

अभ्यास

१. आजोबांनी दोन बाटल्यांना तांबडा दोरा का बांधला?

२. लहान मुलाला उन्हाचा त्रास थोरांपेक्षा लवकर का होतो? पाठात दिलेली कारणे आपल्या शब्दांत लिहा.

३. “वाट मात्र तिच्या मागे राहून गेली होती,” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. धाकट्याने प्रश्न विचारणे थांबवले, यावरून ताईने काय ओळखले? ते सांगताना तिच्या मनात कोणती ओढाताण झाली?

५. चैत्यगृहातील अपुऱ्या खांबांविषयी आजोबा जे बोलले, त्याचा या सहलीशी कोणता संबंध जोडता येईल?

६. ‘दुरून डोंगर साजरे’ व ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणींचा अर्थ सांगून प्रत्येकीचा एका वाक्यात उपयोग करा.

७. तुमच्या घरातील सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध माणसाबरोबर जवळच्या एखाद्या टेकडीवर जायचे आहे. त्यासाठी कोणती तयारी कराल, ते दहा ओळींत लिहा.